वेल्लोरला बाटवतात म्हणे! मावशीच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजला उत्तर

मी एरवी फॉरवर्डच्या नादी लागत नाही. डिलीट करतो आणि पुढे जातो. पण या मेसेजने आमच्या घरातली दोन रेल्वे तिकिटं कॅन्सल झालीत, म्हणून लिहितोय.

माझा मावसभाऊ एकतीस वर्षांचा आहे. तीन महिन्यांपासून त्याच्या रक्तातल्या पेशी कमी कमी होत चालल्यात, प्लेटलेट तर इतक्या खाली की दात घासताना रक्त येतं. पुण्याच्या डॉक्टरांनी बोन मॅरो तपासली, अप्लास्टिक अॅनिमिया (म्हणजे हाडातल्या मगजात रक्ताच्या पेशी पुरेशा तयार न होणं) असल्याचं सांगितलं, आणि स्वतःहून म्हणाले की तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या सीएमसीला, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला एकदा दाखवून या, त्यांचा रक्तविकारांचा विभाग फार जुना आणि अनुभवी आहे. तिकिटं काढली, काटपाडी स्टेशनजवळचा लॉज बघितला, आणि परवा रात्री करमाळ्याहून मावशीचा फोन. तिथं नको म्हणे. का तर त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आलाय.

मेसेज मोठा आहे, थोडक्यात सांगतो. एक, ते हॉस्पिटल काढलंच मुळी हिंदू बायकांना बाटवायला. दोन, ऑपरेशनच्या आधी बाप्तिस्म्याच्या फॉर्मवर सही घेतात, नाही केली तर उपचार नाही. तीन, महारोग्यांच्या हातापायांवर गोऱ्या डॉक्टरांनी प्रयोग केले. चार, सगळा पैसा परदेशी. पाच, ॲडमिशन फक्त ख्रिश्चनांना. आणि शेवटी, 'शरीर, मन, आत्मा' असा जो पूर्ण माणसाचा उपचार ते सांगतात, त्यातला 'आत्मा' म्हणजे धर्मांतर. खाली 'जागे व्हा' आणि हात जोडलेली चार चित्रं.

फॉर्मचं आधी घेतो, कारण मावशी त्यालाच घाबरलीय. ऑपरेशनआधी सही घेतात, खरंय. जगातल्या प्रत्येक हॉस्पिटलात घेतात. भूल देताना काय होऊ शकतं, रक्त द्यावं लागलं तर चालेल का, त्याचा तो कागद असतो, त्याला संमतीपत्र म्हणतात, मावशीने स्वतःच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला केलीय की सही! वेल्लोरला रोज हजारो पेशंट ओपीडीत येतात. बंगाल, झारखंड, बिहार, आसाम, अगदी बांगलादेशातून. त्या गावात लॉजवर बंगाली पाट्या आहेत, गल्लीत माशाचं कालवण आणि भात मिळतो, इतके बंगाली तिथं असतात. मुसलमान येतात, मारवाडी येतात, गळ्यात तुळशीमाळ घालून वारकरीसुद्धा जातात. यातल्या प्रत्येकाला बाटवून पाठवत असते तर शंभर-सव्वाशे वर्षांत काय झालं असतं? 1951 च्या जनगणनेत देशात ख्रिश्चन 2.3 टक्के होते. 2011 च्या जनगणनेतही 2.3 टक्केच. मेसेज लिहिणाऱ्याने एवढा एक आकडा तरी बघायचा.

हॉस्पिटलच्या आवारात चॅपल (छोटं चर्च) आहे, प्रार्थना होते, धर्मगुरू वॉर्डात फिरतात, हे मी लपवत नाही. ब्रीदवाक्यसुद्धा बायबलातलं आहे, सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला, अशा अर्थाचं. नाव ख्रिश्चन, संस्था ख्रिश्चन, ते उघड सांगतात. प्रार्थना नको असेल तर नको म्हणायचं, एवढंच. आपल्याकडे कितीतरी हॉस्पिटलांच्या दारात गणपती असतो, त्याला नमस्कार केल्याशिवाय इंजेक्शन देत नाहीत असं कोणी म्हणतं का?

आता 'बायकांना बाटवायला काढलं'. हे वाचून मला खरंच राग आला, कारण जी गोष्ट खरी घडली ती याच्या बरोब्बर उलटी आहे. हे हॉस्पिटल काढलं इडा स्कडर यांनी. ही मुलगी 1870 ची, जन्म वेल्लोरजवळच्या राणीपेटचा. तिचे आजोबा आणि वडील मिशनरी डॉक्टर, काकाही मिशनरी, आणि तिला मात्र या कामात अजिबात पडायचं नव्हतं. अमेरिकेत शिकायला गेली होती, आई आजारी म्हणून परत आली, आईला बरं वाटलं की पुन्हा जाणार होती. वडील तेव्हा तिंडिवनमला होते. तिथं एका रात्री तीन माणसं दारात आली, एकामागून एक. एक ब्राह्मण, एक मुसलमान, एक मुदलियार (तिकडची एक वरची हिंदू जात). तिघांच्याही कोवळ्या बायका बाळंतपणात अडलेल्या. ती म्हणाली माझे वडील डॉक्टर आहेत, ते येतील. तिघांचं उत्तर एकच, परका पुरुष आमच्या बाईला हात लावणार नाही, तुम्ही चला. पण तिला काय येत होतं? सकाळी कळलं, तिघीही गेल्या. त्यानंतर ती डॉक्टर व्हायला परत अमेरिकेला गेली, कॉर्नेलमधून 1899 मध्ये डॉक्टर झाली आणि 1900 साली वेल्लोरमध्ये एका खाटेचा दवाखाना सुरू केला. एक खाट. दोन वर्षांनी चाळीस खाटांचं हॉस्पिटल झालं.

आपल्या मराठी माणसांना ही गोष्ट परकी वाटायचं काहीच कारण नाही. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या, आणि त्याच दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या. जायच्या आधी 1883 मध्ये श्रीरामपूरच्या सभेत (बंगालमधलं श्रीरामपूर) त्यांनी सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तसंच केलं त्यांनी. त्या काळी मिशनऱ्यांना धर्मांतर हवं होतं का? हो, हवं होतं. स्कडर घराणं ज्या आर्काट मिशनचं होतं त्याचं कामच धर्मप्रसार होतं, हे मान्य करायला मला जड जातंय पण खरं ते खरं. म्हणून आनंदीबाईंना ते वाक्य जाहीर बोलावं लागलं. पण इडाबाईंनी पुढची पन्नास वर्षं जे उभं केलं ते बघा. 1909 मध्ये एक छोटी प्यूजो गाडी मिळाली, तर त्या गाडीतून वेल्लोरजवळच्या गुडियाथम गावाच्या रस्त्याला ठिकठिकाणी झाडाखाली थांबून औषध द्यायच्या. 1918 मध्ये फक्त मुलींसाठी मेडिकल स्कूल काढलं. वरच्या इंग्रज अधिकाऱ्यांना वाटत होतं की या मुली काय पास होणार. पहिल्या वर्षीच्या परीक्षेला 14 मुली बसल्या, चौदाच्या चौदा पास झाल्या, आणि त्याच परीक्षेत मुलांमधले पाचात एक पास झाले होते! ज्या देशात बाईला हात लावायला पुरुष डॉक्टर चालत नव्हता आणि बाई डॉक्टर मिळत नव्हती, तिथं हिंदुस्थानी मुलींनाच डॉक्टर करायचं, याला जर बाटवणं म्हणायचं असेल तर मला बोलायचं नाही.

महारोग्यांवर प्रयोग, हे सगळ्यात वाईट. यावर थोडं सविस्तर लिहितो. 1940 च्या दशकापर्यंत सगळ्यांना, डॉक्टरांना सुद्धा, वाटायचं की कुष्ठरोगात बोटं सडून गळून पडतात. पॉल ब्रँड नावाचे सर्जन 1946 मध्ये वेल्लोरला आले. जन्म इथलाच, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. त्यांनी एकेका रुग्णाचे हात रोज तपासले, दिवसभर ती माणसं काय करतात ते बघितलं, आणि लक्षात आलं की मांस सडत नाहीये. नसा बधिर झाल्यामुळे दुखणंच कळत नाही. गरम भांडं उचललं, भाजलं, कळत नाही. कुलपात किल्ली जोरात फिरवली, बोट फाटलं, कळत नाही. काहींची बोटं रात्रीत कमी व्हायची, ते कोडं सुटेना, तेव्हा शेवटी समजलं की झोपेत उंदीर कुरतडतायत आणि माणसाला जाग येत नाही. मग काय केलं, तर रुग्णांना मांजरं दिली पाळायला. वेडीवाकडी मिटलेली बोटं उघडावीत म्हणून हातातलाच चांगला स्नायू दुसरीकडे जोडायची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली. पायाला जखमा होऊ नयेत म्हणून मऊ रबराचे जोडे बनवले. हो, नवीन होतं सगळं, आधी कोणी केलेलं नव्हतं. पण ज्यांना गावाने शिवेबाहेर टाकलं होतं, ज्यांच्याकडे इतर डॉक्टर फिरकत नव्हते, त्यांच्या आखडलेल्या हातांनी पुन्हा भात कालवून खाता यावा म्हणून केलेलं काम आहे ते. याच ऑपरेशनांत पुढे डॉ. मेरी वर्गीज होत्या. 1954 च्या गाडीच्या अपघातात कमरेखाली लुळ्या झालेल्या, त्या व्हीलचेअरवर बसून दुसऱ्यांचे हात सरळ करायच्या. अपंगांच्या पुनर्वसनाचा विभाग नंतर त्यांनीच उभा केला.

आणि म्हणूनच तो 'आत्मा' वाला मुद्दा मला पटत नाही. पूर्ण माणूस बघायचा म्हणजे काय ते इथं दिसतं. हात सरळ करून सोडला तर उपयोग नाही, त्या हाताने तो सुतारकाम करून चार पैसे मिळवेल का, घरचे त्याला घरात घेतील का, हे पण डॉक्टरने बघायचं. वेल्लोरच्या बागायम भागात त्यांचं मानसिक आजाराचं केंद्र आहे, 1957 पासूनचं, तिथं पेशंटबरोबर घरच्यांनी राहायचं असतं, कारण सांभाळायचं पुढे त्यांनाच आहे. आपल्याकडे वेड्यांना नेऊन टाकायची पद्धत होती, हे लक्षात घ्या.

पैशाचं पटकन सांगतो. सुरुवातीचा पैसा अमेरिकेतला होता, शेल नावाच्या एका बँकरने बायकोच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले त्यातून पहिलं हॉस्पिटल झालं. आता रोजचा गाडा मुख्यतः पेशंटच्या फीवर चालतो. तिथं सगळं फुकट आहे असं कोणी सांगत असेल तर तेही खोटं, पैसे लागतात, आम्ही सोय केलीय.

ॲडमिशनच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. ती अल्पसंख्याक संस्था आहे, चर्चने पाठवलेल्या मुलांसाठी बऱ्याच जागा असतात, आणि त्या मुलांना शिक्षण झाल्यावर आडगावच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काम करावं लागतं. पण मेडिकलची प्रवेश परीक्षा 'नीट'चीच. त्यावर ते सुप्रीम कोर्टात गेले होते, 2020 मध्ये कोर्टाने सांगितलं की नीट सगळ्यांना लागू. आणि हे सगळं कॉलेजच्या जागांचं आहे, पेशंटच्या खाटांचं नाही. मेसेजवाल्याने दोन्ही एकत्र कालवलंय.

आता जे मला मुळात सांगायचंय. वेल्लोरला शिकून बाहेर पडलेल्यांनी काय केलं हे बघायला तामिळनाडूत जायची गरज नाही. जामखेडला जा. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरचे. लग्नाच्या दिवशीच ठरवलं की खेड्यात काम करायचं. आधी नेवाशाजवळच्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात चार वर्षं होते, तिथं कळलं की तेच ते पेशंट तेच ते आजार घेऊन परत येतायत, गोळ्या देऊन भागत नाही. मग 1970 मध्ये जामखेड. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी दोन वर्षं! गावागावातून एक बाई निवडली, बऱ्याचशा दलित, बऱ्याचशा अंगठेबहाद्दर, आणि त्यांना शिकवलं. सगळ्या जातीच्या बायका एका ठिकाणी जेवायच्या, झोपायच्या. विंधनविहिरी मुद्दाम दलित वस्तीत घ्यायच्या, म्हणजे पाणी हवं तर सगळ्या गावाने तिथं यायचं. सुरुवातीला त्या भागात हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत जायची, 1990 च्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 सालीच जगातल्या मोजक्या यशस्वी प्रयोगांत जामखेड छापलं. 1979 ला दोघांना मॅगसेसे, 1990 ला रजनीकांतांना पद्मभूषण. आरोग्य सुधारायला डॉक्टरच लागतो असं नाही, शिकवलेली गावची बाई पुरते, हे त्यांनी दाखवलं, आणि आज प्रत्येक गावात जी आशाताई दिसते तिच्या मागे अशाच कामांचा अनुभव आहे. एवढं एक उदाहरण मेसेजच्या सगळ्या मुद्द्यांना पुरून उरतं असं माझं मत आहे.

आणि मावशी, तुझं माहेर जामखेड तालुक्यातलं. आईचंही तेच. पहिल्या बाळंतपणाला तू माहेरी आलीस, पावसाने ओढा भरलेला, गाडी येईना, तेव्हा वस्तीवरची जी बाई रात्री कंदील घेऊन आली ती आरोळ्यांच्या तालमीतली होती. आजी तिला आधी घरात घेत नव्हती आणि त्या रात्री तिनेच तुझं बाळंतपण केलं, हे आई अजून सांगते. ते बाळ म्हणजे आपला हाच, ज्याचं तिकीट तू रद्द करायला लावलंस. त्या बाईने तुला काय विचारलं होतं, कोणता देव मानतेस असं विचारलं होतं का?

तिकिटं मी परत काढलीत, पुढच्या गुरुवारची. मंगळवारी मी करमाळ्याला येतोय. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेव, बोन मॅरोची स्लाइड पुण्याहून मी घेऊन येतो, आणि तुझी तुळशीची माळ, पोथी, जे घ्यायचं ते बरोबर घे.