सर्जनसाहेब, परदेशी निघालात? मग हे सल्ले घेऊनच जा

एमएस ही सर्जरीची डिग्री झाली, कुणाची त्यावरची एमसीएचपण झाली, हात बसला, बेळगावात टिळकवाडी ते शहापूर त्याच चार नर्सिंग होममधे तीच अपेंडिक्स आणि तेच हर्निया करून कंटाळा आला, आणि प्रत्येक लग्नाच्या पंगतीत "काय ओ डॉक्टर, अजून हितंच? आमच्या पाव्हण्याचा पोरगा दुबईला जाऊन बंगला बांधला की" हे ऐकून कान किटले असतील तर आता तुमची परदेशी नोकरी शोधायची वेळ झाली असं समजा. एकदम सोपं काम आहे. सल्ले फुकट देतोय, बाकी सगळ्याला पैसे पडतील.

सुरुवात जाहिरातीपासून. "व्हिसा स्पॉन्सर्ड जॉब" असं मोठ्या अक्षरात लिहिलं असेल तर लगेच भारावून जा. आखातात परदेशी डॉक्टर नोकरीला ठेवायचा म्हणजे त्याचा व्हिसा सहसा हॉस्पिटलच काढतं, त्यामुळे ही जाहिरात म्हणजे "छप्पर असलेलं मंगल कार्यालय मिळेल" असं लिहिण्यातला प्रकार आहे, पण आपण एवढा विचार करायचा नाही. कन्सल्टंट, म्हणजे सगळ्यात वरचा डॉक्टर, व्हायची स्वप्नंही लगेच बघायला लागा. तिकडे आपल्या एमएसला किंवा तिच्या तोडीच्या डीएनबीला बहुतेक वेळा स्पेशालिस्टच्या खुर्चीत बसवतात, कन्सल्टंटची खुर्ची लांब असते, हे गेल्यावर कळेलच.

इंग्लंडला जायचं असेल तर आधी एमएसची फ्रेम भिंतीवरून काढून पुसून ठेवा, तिकडे ती फक्त शोभेची. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलला सहसा प्लॅब ही परीक्षा तरी पाहिजे नाहीतर एमआरसीएस ही सर्जनची परीक्षा तरी. म्हणजे तुमच्या हाताखाली शिकून गेलेला रजिस्ट्रार आणि तुम्ही, दोघं प्लॅबच्या एकाच रांगेत मँचेस्टरला उभे, पेशंटची अॅक्टिंग करणाऱ्या माणसाला "मे आय एक्झामिन युअर टमी" विचारायला. त्याआधी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, एकूण साडेसात, चारही विषयांत कमीत कमी सात आणि तेही एकाच बैठकीत. रायटिंगमधे साडेसहा आले की पुन्हा फी भरा.

ऑस्ट्रेलियात कॉलेज ऑफ सर्जन्स तुमची तीनपैकी एका खोक्यात रवानगी करतं, जवळजवळ आमच्यासारखा, थोडाफार आमच्यासारखा, आणि आमच्यासारखा नाहीच. कुठला खोका मिळाला तरी खोका ठरवायची फी सारखीच.

जर्मनीसाठी मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी चार भाषा येतात म्हणून फुशारकी मारू नका, पाचवी, जर्मन, बी टू पातळीपर्यंत शिका आणि मग वर डॉक्टरी जर्मनची वेगळी परीक्षा.

कागदपत्रं हा आपल्या सीमाभागातल्या लोकांचा खास आनंद. समजा एमबीबीएस मिरजेला केलंत, म्हणजे विद्यापीठ नाशिकचं, पहिलं रजिस्ट्रेशन मुंबईला. मग एमएस कर्नाटकात, विद्यापीठ बेंगळुरूचं, कौन्सिलही बेंगळुरूला. बेळगावातून मुंबई पाचशे किलोमीटर, बेंगळुरूही तेवढंच, देवाने आपल्याला मुद्दाम मधोमध ठेवलंय. इंग्लंडवाले मागच्या पाच वर्षांत जिथे जिथे रजिस्टर होता तिथल्या प्रत्येक कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे ह्या डॉक्टरवर काही ठपका नाही असा दाखला, मागतात आणि ते तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, म्हणजे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूला जाऊन एक आणेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायला आलेली. शिवाय १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीच्या कागदांवर बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग एक, नंतरच्यांवर दुसरं. हे एकच गाव आहे असं अॅफिडेव्हिट करून ठेवा. तुमचं नाव एका मार्कशीटवर आडनावापासून सुरू आणि दुसऱ्यावर नुसती इनिशियल्स असतील तर त्याचं वेगळं. सौदीला अपोस्टील, म्हणजे आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, चालतं, यूएईला चालत नाही, तिथे एम्बसीचाच शिक्का, हे लक्षात ठेवा आणि मग विसरा, कारण कागद बघणारा माणूस प्रत्येक वेळी वेगळं सांगणार आहे.

लॉगबुक, म्हणजे केलेल्या प्रत्येक ऑपरेशनची नोंदवही, ठेवा. निपाणीच्या ऑपरेशन थिएटरमधल्या रजिस्टरमधे सिस्टरने "हर्निया, उजवी बाजू, ओके" लिहिलंय त्याला तिकडे लॉगबुक म्हणत नाहीत.

आता एजंट. एजंट केलाच पाहिजे बघा. म्हणजे तुम्ही नाही केलात तरी तो तुम्हाला करतोच. मागच्याच महिन्यातली गोष्ट, मी गॉलब्लॅडर संपवून बाहेर आलोय, ग्लोव्हज काढतोय, फोन. "सर, काँग्रॅच्युलेशन्स, युअर प्रोफाइल इज शॉर्टलिस्टेड." कुठलं हॉस्पिटल? "ते कॉन्फिडेन्शियल आहे सर." कुठला देश? "मिडल ईस्ट सर." पगार? "व्हेरी अॅट्रॅक्टिव्ह सर." फी तेवढी कॉन्फिडेन्शियल नव्हती, दीड लाख, निम्मे आजच. मी नको म्हटलं आणि फोन ठेवला, माझ्या दृष्टीने विषय संपला. नंतर एका हॉस्पिटलच्या स्वतःच्या वेबसाइटवर मी स्वतः अर्ज केला, त्यांच्या सर्जरीच्या हेडशी व्हिडिओवर बोलणं झालं, माणूस चांगला होता, हर्नियाला जाळी कुठली वापरता, दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावं किती वेळा लागतं, सगळं कामाचं विचारलं, रेफरन्सची नावं पाठवा म्हणाला. आणि दोन दिवसांनी एचआरचा मेल, तुमचं प्रोफाइल आमच्याकडे एका एजन्सीमार्फत आधीच आलंय, आमच्या करारानुसार उमेदवार त्यांचा, थेट अर्ज घेता येणार नाही.

उमेदवार त्यांचा! मी आईवडलांचा, बायकोचा, लॅप्रोस्कोपी सेटचं कर्ज दिलेल्या बँकेचा. ह्यांचा कधी झालो ओ?

पुरावा म्हणून एचआरने ती पीडीएफच जोडली होती. माझाच सीव्ही, वर ह्यांचा लोगो, माझा फोन नंबर आणि मेल पांढऱ्या पट्टीने झाकलेले, अनुभवाची वर्षं परस्पर वाढवलेली, आणि पत्त्यात बेळगावच्या जागी बेल्जियम. बेल्जियम! अरे अनुभव खोटा लिहिला म्हणून उद्या व्हेरिफिकेशनमधे अडकणार कोण, मी का तू? ही असली नोंद एकदा बसली की पुढे प्रत्येक देशात खुलासे देत बसायचं. माझा सीव्ही तुला दिला कुणी? एजन्सीला मेल केला तर उत्तर काय, "सर, वी कॅन रिलीज युअर प्रोफाइल, प्रोसेसिंग चार्जेस लागतील." म्हणजे न विचारता माझं नाव विकायचं, आणि मलाच ते परत विकत घ्यायला लावायचं. तो हेड अजून रेफरन्सची वाट बघत असेल, आणि मी इथे त्याच्या एचआरला समजावतोय की बाबा मी बेल्जियमचा नाही.

बास, आता सरळच बोलतो, कारण मस्करी करायचा मूड गेला.

परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या एमिग्रेशन अॅक्टखाली रजिस्ट्रेशन लागतं आणि त्याने घ्यायची जास्तीत जास्त फी ३० हजार अधिक जीएसटी अशी ठरलेली आहे. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाका, आहे का नाही दिसतं. इंग्लंडमधे नोकरी मिळवून देतो म्हणून उमेदवाराकडून पैसे घ्यायला १९७३ च्या कायद्याने बंदी आहे. व्हिसा स्पॉन्सर करू शकणाऱ्या मालकांची सगळी यादी तिथल्या सरकारी साइटवर फुकट पडलेली आहे, एनएचएस म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या जागाही उघड्यावर असतात, अर्ज करायला दमडी लागत नाही. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट देतो तो मालक, एजंटाच्या ड्रॉवरमधे ते नसतं. सीटी स्कॅनचा रिपोर्ट आला तरी प्लेट स्वतः बघितल्याशिवाय तुम्ही पोट उघडत नाही, आणि इथे कुणीतरी व्हॉट्सअॅपवर हॉस्पिटलच्या नावाचं जीमेलवरून ऑफर लेटर पाठवतो, ते न वाचता पैसे ट्रान्सफर करता? एवढं शिकलात ते कशाला?

आणि नोकऱ्यांचे ते व्हॉट्सअॅप ग्रुप. "माझा सीव्ही, प्लीज शेअर" म्हणून जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, रजिस्ट्रेशन नंबर सगळं एका फाइलमधे टाकता, दुसऱ्यांचे सीव्हीसुद्धा न विचारता पुढे ढकलता, वर "मदतच केली की" म्हणता. ही मदत नव्हे. साध्या गाठीसाठी पेशंटची सही घेता ना, मग मित्राचा सीव्ही पाठवताना त्याला एक फोन करायला काय झालं? स्वतःच्या सीव्हीवर पहिल्याच ओळीत लिहा, लेखी परवानगीशिवाय कुठेही पाठवायचा नाही. तरी पाठवला तर हॉस्पिटलच्या एचआरला लगेच लेखी कळवा की ह्या एजन्सीला मी ओळखत नाही. मी आता तेच करत बसलोय, ओपीडी सोडून.

आणि "एक ओळखीचा एजंट आहे, माणूस चांगला आहे" म्हणून माझा नंबर कुणाला देऊ नका. देऊ नका म्हणजे देऊ नका.