रोख, आणि आजच्या आज

इंदूरच्या राजेंद्रनगरच्या ओटल्यावर रविवारी पोह्यांबरोबर पेपरही संपतो. परवा देहविक्रीच्या अड्ड्यावर पडलेल्या धाडीची बातमी सगळ्यांनी वाचलेली होती, तरी अण्णांनी ती खड्या आवाजात पुन्हा वाचलीच आणि पेपर मांडीवर आपटला. "सोपा पैसा पाहिजे, दुसरं काय! चार घरची भांडी घासायला काय धाड भरते?"

मंदाताई पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरत होत्या. "अण्णा, भांड्यांचा पगार कधी मिळतो?"

"एक तारखेला."

"आणि पोर तापानं फणफणलं बारा तारखेला. बोला."

अण्णांनी शेव मागवली.

मंदाताई एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पात समुपदेशक आहेत. 'सोपा पैसा' हे दोन शब्द त्यांना सहन होत नाहीत, आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे, ते लपवायचं कारण नाही. "अर्धी कमाई घरवाली, म्हणजे अड्डा चालवणारी, घेते, अधिया म्हणतात त्याला. उरलेल्या अर्ध्यात दलाल, जेवण, पोराची फी आणि डायरी. पुण्याच्या रोहिणी सहानी आणि कल्याण शंकर यांनी देशभरातल्या, या धंद्यातल्या सुमारे ३,००० बायकांना विचारलं होतं, आधी काय करत होतात म्हणून. कितीजणींनी सांगितलं, शेतमजुरी, बांधकाम, धुणीभांडी. तुमची ती चार घरची भांडी घासूनच त्या इथवर आल्यात."

"डायरी कसली?" अण्णा.

मुकुंदाला हिशेबाचं निमित्तच हवं असतं. पोह्याच्या कागदामागं त्यानं आकडे मांडले. "डायरी म्हणजे सावकाराचं रोजच्या हप्त्यानं फेडायचं कर्ज. समजा लिहायचे १०,०००, हातात ९,०००. रोज १००, असे १०० दिवस. तुम्ही म्हणाल, हजारच तर व्याज. पण मुद्दल रोज फिटत असतं, म्हणजे सरासरी ४,५०० च तिच्याकडे राहतात. त्यावर १०० दिवसांत १,०००. वर्षाचे ८० टक्क्यांच्या वर गेले! चार दिवस ताप आला, हप्ता चुकला, की दंड. मग जुनी डायरी फेडायला नवी डायरी. पत्त्याचा कागद नाही, म्हणून बँक दारात उभी करत नाही."

"केनियातही डायरीच होती, पण वेगळी," मंदाताई म्हणाल्या. "बुसिया भागात १९२ बायकांनी रोजचं लिहून ठेवलं: गिऱ्हाईक किती, पैसे किती, घरात कोण आजारी. घरातलं कुणी, बहुतेक वेळा पोरच, आजारी पडलं की त्या दिवशी निरोधाशिवाय संबंध येण्याची शक्यता १९ टक्क्यांनी वाढायची. का? गिऱ्हाईक त्याचे जास्त देतं. औषधाचे पैसे आजच हवेत ना! नुसत्या गरिबीनं बाई तिथं जात नाही, अण्णा. गरिबी तर गल्लीतल्या दहाजणींची असते. ज्या घराला अचानक भोक पडतं, नवरा जातो, दवाखाना लागतो, आणि त्याच संध्याकाळी रोख देणारं दुसरं काही नसतं, तिथली जाते."

"सगळीकडे तसं नाही," मंदसौरचा विनय मधेच बोलला, आणि बरोबर बोलला. "आमच्याकडे बांछडा समाजात कर्ज नसलेलं घरही पोरीला धंद्याला बसवतं. अशा पोरीला खिलावडी म्हणतात. देज मुलाकडच्यांनी द्यायचं, ते बहिणीच्या कमाईतून. कमावती पोर द्यायची म्हणून देज चढतं, देज चढलं की आणखी एक बहीण बसते."

"मान्य," मंदाताई म्हणाल्या. "तिथं रीतच बाईला खाते. आणि पोर अठराच्या आतली असेल तर निवड हा शब्दच काढायचा नाही. तो पॉक्सोचा, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचा, गुन्हा."

"म्हणून तर मी म्हणतो, धाडी टाका!" अण्णांनी पुन्हा पेपर आपटला. चटणीची वाटी उलटली.

"टाका. पोरी सोडवायलाच हव्यात. पण सज्ञान बाईचं काय होतं, ऐका. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात नुसता धंदा करणं हा गुन्हा नाही. अड्डा चालवणं कलम ३, तिच्या कमाईवर जगणं ४, रस्त्यावर बोलावणं ८. आता कलम ४ मध्ये दलाल येतो, तशी तिची म्हातारी आईसुद्धा येऊ शकते. कलम १७ खाली बाईला सुधारगृहात टाकलं तर एक ते तीन वर्षं. तेवढ्यात डायरी थांबते का? खोलीचं भाडं थांबतं का? सुटून येते ती दुप्पट कर्जात आणि त्याच दारात. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, स्वखुशीनं काम करणाऱ्या सज्ञान बाईला धाडीत अटक, दंड, छळ नको. आधार कार्डही द्या म्हणाले. ते चौकीपर्यंत पोचायला हवं."

"मग करायचं काय?" अण्णांचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

"कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत धंद्यातल्या बायकांनी १९९५ मध्ये स्वतःची पतपेढी काढली, उषा. नोंदणी अडली होती, कायद्यात सभासदाचं चारित्र्य चांगलं हवं असं होतं म्हणून. त्या भांडल्या, नोंदणी झाली. रोज थोडे थोडे जमा, आणि अडीनडीला कर्ज."

"काढू की आपणही पतपेढी! मी अध्यक्ष!"

"आधी मागच्या गणपतीची वर्गणी टाका," मुकुंदा म्हणाला.

"मी दिली होती!"

"पावती?"

"पावतीपुस्तक तुझ्याच मेव्हण्याकडं होतं!"

"दादा, मेरी भी तीन प्लेट बाकी है," पोहेवाल्यानं आतून आवाज दिला, आणि अख्खा ओटला हसला. वर्गणीचं भांडण पुढं दहा वाजेपर्यंत चाललं. मंदाताई मात्र उठल्या. मुकुंदाच्या हिशेबाचा तेलकट कागद त्यांनी चौघडी करून पिशवीत घातला. सोमवारच्या बैठकीत बायकांना दाखवायचा होता.