"एक बी पेरलं नाही" वाल्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीन वेगवेगळ्या मराठी ग्रुपवरून माझ्याकडे आला. थोडक्यात तो असा: ऑस्ट्रेलियातले ॲबोरिजिनल, म्हणजे तिथले मूळनिवासी, लोक हजारो वर्षं नुसते शिकार करत भटकले, एक बी पेरलं नाही, जमीन कधी कुणाच्या मालकीची नव्हतीच, "जमिनीशी नातं" हा अलीकडे वकिलांनी काढलेला शोध आहे, आणि आता शहरात वाढलेले नर्तक सरकारी ग्रँट घेऊन गवतावर नि झाडांवर डान्स बसवतात, त्याला संस्कृती म्हणायचं. ज्या काकांनी तो शेवटी पाठवला त्यांना मी ग्रुपवरच उत्तर लिहायला घेतलं होतं पण ते फार लांबलं, म्हणून इथे लिहितेय.

पहिला मुद्दा, "एक बी पेरलं नाही".

यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करते. २०१८ साली बांगारा डान्स थिएटर या मूळनिवासी नर्तकांच्या संस्थेने "डार्क इमू" हा नृत्याचा कार्यक्रम केला, कोरिओग्राफी स्टीफन पेज, डॅनियल रायली आणि योलांडे ब्राऊन यांची. तो ब्रूस पॅस्को यांच्या त्याच नावाच्या पुस्तकावरून सुचलेला, आणि पुस्तकाचं म्हणणं असं की हे लोक शेती करणारे होते, बी पेरायचे, धान्य साठवायचे. मग २०२१ मध्ये पीटर सटन हे मानववंशशास्त्रज्ञ आणि केरिन वॉल्श या पुरातत्त्वज्ञ, या दोघांनी मिळून यातले बरेच दावे खोडून काढले, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे, मी ते नाकारत नाही. मेसेजवाल्यांनी "एक बी पेरलं नाही" हे इथूनच उचललंय. पण सटन-वॉल्श असं अजिबात म्हणत नाहीत की या लोकांना झाडांतलं काही कळत नव्हतं, उलट त्यांचं म्हणणं असं की यांना शेतकरी ठरवायची गरजच काय, त्यांची झाडं जपायची रीत वेगळी होती आणि ती आपल्या शेतीपेक्षा कमी दर्जाची नव्हती, आणि त्या रीतीत जाळणं, खणणं, काय कधी पिकतं ते बारकाईने माहीत असणं हे होतंच पण शिवाय ती वनस्पती वाढावी म्हणून केलेले विधी, गाणी आणि नाच हेही होते. म्हणजे ज्या टीकेच्या जोरावर मेसेज नाचाला नावं ठेवतोय तीच टीका नाचाला मधोमध आणून ठेवते.

मर्नॉन्ग घ्या. पिवळं फूल, लांबून डँडेलियनसारखं, कळी उमलायच्या आधी मान खाली घातलेली, आणि जमिनीत छोट्या मुळ्याएवढा कंद. व्हिक्टोरियातल्या लोकांचं हे रोजचं खाणं. बायका टोकदार काठीने खणायच्या, टोपलीत भरून जमिनीतल्या भट्टीत भाजायच्या. खणताना माती भुसभुशीत व्हायची, बारके कंद मागे राहायचे, पुढच्या वर्षी परत तिथेच जास्त. आपल्याकडे शेतात खुरपणी करणाऱ्या बाईला सांगा की हे काम नव्हे, भटकणं आहे, बघा ती काय म्हणते! १८४१ मध्ये जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन या सरकारी अधिकाऱ्याने पश्चिम व्हिक्टोरियात नजर पोचेल तिथपर्यंत पसरून मर्नॉन्ग खणणाऱ्या बायका पाहिल्या आणि डायरीत लिहून ठेवलं. मेंढ्या आल्या आणि काही वर्षांत हा कंद या माळांवरून जवळपास संपला, कारण मेंढ्या तो मुळासकट खातात आणि त्यांच्या खुरांनी जमीन घट्ट होते. आज टारनीट, वेरिबी, पॉइंट कुक इथे आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात ना, मेलबर्नच्या पश्चिमेचा तो सगळा माळ मर्नॉन्गचा.

दुसरा मुद्दा, "नाचाचा आणि झाडाचा संबंध काय". याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला युटोपिया नावाचा भाग आहे, तिथल्या ॲनमॅटियर समाजातल्या चित्रकार एमिली कामे न्ग्वारे, साधारण १९१० चा जन्म, १९९६ ला गेल्या. त्यांच्या नावातलं "कामे" म्हणजे पेन्सिल याम नावाच्या वेलीचं बी. अख्खं आयुष्य त्यांनी बायकांच्या विधीत, ज्याला तिकडे अवेल्या म्हणतात, त्या वेलीची गाणी म्हटली, छातीवर आणि दंडांवर रंगाचे पट्टे ओढून नाचल्या. त्या वेलीची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आपल्याकडे एखाद्या घराकडे देवीची पूजा असते तशी, फक्त इथे देवीच्या जागी वेल, तिचा कंद, तिची जमीन आणि तिथले पूर्वज हे सगळं एकच. कॅनव्हासवर रंगवायला लागल्या तेव्हा सत्तरी उलटून गेलेली. १९९५ मध्ये त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर नुसत्या पांढऱ्या रेघांचं एक चित्र काढलं, आठ मीटर लांब, जवळपास तीन मीटर उंच, ते मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाकडे आहे. जवळ उभं राहिलं की एक रेघ दुसरीत घुसते, वळते, परत येते, कुठे सुरू झाली ते सापडत नाही. जमिनीखाली पसरलेली मुळं आहेत ती, आणि कंद फुगला की वर माती तडकते त्या भेगाही आहेत. ती भेग ओळखता आली तर खायला मिळतं, नाही आली तर नाही.

आणि ही वेल आपल्या नात्यातली निघाली हे मला नंतर कळलं. शास्त्रीय नाव विग्ना लॅन्सिओलाटा. मूग, उडीद, मटकी, चवळी सगळी विग्नाच. त्यामुळे मटकीला मोड आणताना आता मला ते चित्र आठवतं.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, दळण संपलं की ओवीही थांबायची. ॲबोरिजिनल गाण्याचं तसं नाही, हा फरक समजायला मला वेळ लागला. गाण्यात कुठल्या जागी काय उगवतं, पाणी कुठे, ते कोणी खणायचं, कोणाला विचारून, हे सगळं आहे, आणि लिपी नसताना ते पिढ्यान्पिढ्या टिकलं ते पायांनी आणि गळ्याने. त्यामुळे वनस्पतीवर डान्स ही काही हल्लीच्या कोरिओग्राफरला सुचलेली थीम नाहीये, ती ज्ञान ठेवायची त्यांची मूळ जागा आहे.

तिसरा मुद्दा, "शहरातले नर्तक, कंटेम्पररी शिकलेले, त्यांचा काय हक्क".

बांगारा १९८९ मध्ये सिडनीत सुरू झालं, कॅरोल जॉन्सन या आफ्रिकन-अमेरिकन नर्तकीच्या पुढाकाराने. नाव विराजुरी या ॲबोरिजिनल भाषेतलं, अर्थ आग पेटवणं. हो, नर्तक कंटेम्पररी शिकतात. पण काम ज्या जमिनीचं, तिथल्या वडीलधाऱ्यांकडे आधी जायचं, परवानगी घ्यायची, त्यांनी जे दाखवू नका सांगितलं ते दाखवायचं नाही. फ्रान्सिस रिंग्ज, ज्या आता तिथल्या आर्टिस्टिक डायरेक्टर आहेत, त्यांनी २०१२ मध्ये "टेरेन" केलं, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या काटी थांडा म्हणजे लेक एअर या मिठाच्या सरोवरावर. त्यात त्यांच्यासोबत अराबाना समाजातले रेग डॉड होते, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कोर्टाने तिथल्या जमिनीवर अराबानांचा हक्क मान्य केला.

हा कार्यक्रम २०२२ ला परत दौऱ्यावर आला तेव्हा मी पाहिला. त्यात स्पिनिफेक्स नावाचा एक भाग आहे. स्पिनिफेक्स म्हणजे वाळवंटातलं गवत, सुईसारखं टोचणारं, गोल गोल गड्डे करून वाढतं. स्टेजवर बायकाच, हालचाल अगदी थोडी, आणि तरी नजर हलवता येत नव्हती. वाळवंटातले लोक हे गवत झोडपतात, त्याची भुकटी लाकडी परातीत पाखडतात, तापवून राळ काढतात आणि त्या राळेने दगडाचं पातं लाकडाला चिकटवतात. पाखडायचा तो हाताचा झटका ज्याने सुपाने धान्य पाखडलंय त्याला सांगावा लागणार नाही.

ग्रँटबद्दल एकच वाक्य: सार्वजनिक पैसा ऑपेराला आणि बॅलेलाही मिळतो, तेव्हा असा मेसेज कधी आलेला मला आठवत नाही.

शेवटचा मुद्दा, "मालकी नव्हतीच, वकिलांचा शोध".

क्वीन्सलँडमध्ये बुन्या नावाचं उंचच उंच झाड आहे, त्याचं एकेक फळ फणसासारखं जड, आत मोठमोठ्या बिया. साधारण दर तीन वर्षांनी भरपूर बहर आला की आजूबाजूचेच नाही तर खूप लांबचे समाज निरोप मिळाल्यावर तिथे जमायचे, आठवडेच्या आठवडे खाणं, लग्नं ठरवणं, तंटे मिटवणं आणि रात्री नाच. पण कोणीही उठून कुठल्याही झाडावर चढायचं नाही, विशिष्ट झाडं विशिष्ट घराण्यांची, ती वारशाने पुढे जायची, बाकीचे पाहुणे. गोऱ्यांनीच हे लिहून ठेवलंय. १८४२ मध्ये गव्हर्नर गिप्सने तर हुकूम काढला की बुन्याच्या प्रदेशात कोणी वस्ती करायची नाही, झाड तोडायचं नाही. १८६० मध्ये तो हुकूम रद्द झाला आणि लाकूडतोडे आत शिरले. मालकी माहीत होती, मान्यही केली होती, मग मोडली.

आणि वकिलांचंच म्हणाल तर नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या कायद्याखाली जमिनीचे दावे सुरू झाले तेव्हा सुनावणी त्याच जमिनीवर जाऊन व्हायची, आणि वाळवंटातल्या बायकांपुढे प्रश्न होता की आपला हक्क सिद्ध कसा करायचा, कागद तर नाही. त्या अंग रंगवून आल्या आणि त्या जागेचा जो विधी करायचा अधिकार फक्त त्यांना होता तो त्यांनी सुनावणी घेणाऱ्या कमिशनरसमोर नाचून दाखवला. तो नाच पुरावा म्हणून नोंदवला गेला, आणि अशा दाव्यांमधून जमिनी परत मिळाल्यात.