कोल्हापूरची रात्र सव्वासहाला सुरू करा

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात, ॲडमिशनं आटोपली की नव्या पोरापोरींचं एक वाक्य ऐकू यायला लागतं: "कोल्हापुरात नाईट लाईफच नाही." पुण्याचं नाव निघतं, बेंगळुरूचं निघतं. माझं मत वेगळं आहे. कोल्हापूरला रात्र आहे आणि चांगली भरलेली आहे. नाही ती नवी ओळख. रंकाळ्यावर, खासबागेत, राजारामपुरीच्या गल्ल्यांत रोज संध्याकाळी शेकडो विद्यार्थी असतात. पण जो तो आपापल्या चौघांबरोबर येतो, गाडीवर बसूनच खातो आणि वीस मिनिटांत निघतो. तीन वर्षं रोज रंकाळ्यावर येऊनसुद्धा शेजारच्या कॉलेजातलं एकही माणूस ओळखीचं होत नाही. पब नसल्यामुळे हे होत नाही. थांबायला कारण नसतं म्हणून होतं.

थांबायला कारण असलं की काय होतं ते बघायचं असेल, तर संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जा. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या, गवळी उकिडवा बसलेला, चरवीत धार पडल्याचा आवाज, आणि पेल्याच्या वर बोटभर फेस. आपला नंबर येईपर्यंत उभं राहावंच लागतं. हातात काही नसतं, समोर सगळ्यांना एकच गोष्ट दिसत असते, त्यामुळे शेजारचा माणूस आपण होऊन बोलतो. पैलवान, बँकेतले काका, विद्यापीठातलं पोरगं, सगळे एका रांगेत. एक सांगून ठेवतो: निरसं दूध सगळ्यांना मानवत नाही आणि कच्च्या दुधातून आजारही येतात. सवय नसेल तर तापवलेलं मागा. ओळख व्हायला दूध पोटात जावंच लागतं असं नाही.

कट्ट्यावर जे आपोआप होतं, ते दुसरीकडे ठरवून करावं लागतं. त्यासाठी वार, जागा आणि संपायची वेळ, या तीन गोष्टी पक्क्या हव्यात. यातली संपायची वेळ सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी ठरवत नाही.

वार आधी घेऊ. शनिवार-रविवार नको. आपल्याकडची निम्मी पोरं राधानगरी, गडहिंग्लज, शिरोळ, कागल भागातली. शनिवारी दुपारी ती धुण्याची पिशवी घेऊन गावाकडे जातात आणि सोमवारी सकाळी डबा घेऊन परततात. बुधवार चांगला. एकदा धरला की बदलायचा नाही. "या आठवड्यात गुरुवारी करू" असं एकदा झालं की पुढच्या आठवड्यात कुणालाच वार आठवत नाही.

जागेसाठी माझी पहिली पसंती रंकाळ्याची फेरी. चौपाटीवर बसू नका, तिथे गाड्यांचा आवाज आणि खाण्याची गर्दी, बोललेलं ऐकू येत नाही. रमतगमत पूर्ण फेरीला तास-सव्वातास लागतो. चालण्याचा फायदा असा की माणसं शेजारी-शेजारी असतात. अनोळखी माणसाच्या डोळ्यात बघून बोलणं अवघड जातं, चालताना ते लागत नाही, आणि मध्येच गप्प बसलं तरी अवघडत नाही. जोड्या-जोड्यांनी चाला आणि संध्यामठाजवळ एकदा, शालिनी पॅलेसजवळ एकदा जोड्या बदला. हे बदलणं मोठ्यानं बोलून करायचं, नाहीतर ओळखीचे ओळखीच्यालाच चिकटून राहतात. आठजण असतील तर एका फेरीत प्रत्येकाचं तिघांशी नीट बोलणं होतं. पावसाळ्यात फेरी जमत नाही. तेव्हा आत बाकडी असलेलं चहाचं हॉटेल बघा आणि मालकांशी आधी बोलून ठेवा: "काका, बुधवारी आठजण तासभर बसू, दोनदा चहा घेऊ." सोळा कप चहाचा धंदा होत असेल तर बहुतेक कुणी उठवत नाही. एका कपावर दीड तास बसलात तर उठवतील, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आकडा सहा ते दहा. बाराच्या वर गेलं की त्याचे आपोआप दोन गट पडतात आणि नवा माणूस दोन्हींच्या मध्ये उभा राहतो. बोलावणारे दोघे हवेत, एक मुलगा, एक मुलगी, म्हणजे एकाला ताप आला तरी बुधवार चुकत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर "कोण कोण येणार?" असा पोल टाकू नका. ऐंशी जणांच्या ग्रुपमध्ये पाचांनीच हो म्हटलेलं दिसलं की ते पाचही गळतात. फक्त कळवा: बुधवार, सव्वासहा, अमुक ठिकाणी आहोत. आणि तिघं असलात तरी तिथे असा. निदान सहा आठवडे नेटानं धरायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सबमिशन आणि इंटर्नल येतात, तेव्हा हमखास ओस पडतं. त्या आठवड्यात बंद केलं तर पुन्हा उभं राहत नाही.

खर्च माणशी पन्नासच्या आत ठेवा. मेसचे पैसे भरून महिना ढकलणारी पोरं बिल वाढलं तर तोंडानं सांगत नाहीत, नुसती यायची बंद होतात. एकानं सगळ्यांचे भरायचे आणि मग फोनवर मागत बसायचे, यानं मैत्री व्हायच्या आत कटकट होते. ज्याचं त्यानं जागेवर द्यावं.

आता मुलींबद्दल. मुली दोन वेळा येतात आणि तिसऱ्यांदा येत नाहीत, याची कारणं माझ्या मते दोनच. पहिलं, ग्रुपमधून नंबर उचलून रात्री साडेअकराला "हाय, ओळखलंस का" असा मेसेज. पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगायचं की विचारल्याशिवाय कुणीही कुणाला वेगळा मेसेज करायचा नाही. लाजून हे सांगायचं टाळलं जातं, आणि मग पोरांना वाटतं पोरींना इंटरेस्ट नाही. दुसरं कारण हॉस्टेलचं गेट. गेट साडेआठला बंद होत असेल तर पावणेआठला उठायचंच, हीच ती संपायची वेळ. रंकाळ्यावरून विद्यापीठाकडे जायला रिक्षाला वीस-पंचवीस मिनिटं आणि रिक्षा मिळायला दहा. केएमटीनं जाणार असाल तर त्या मार्गाची शेवटची बस आधी विचारून ठेवा. "अजून दहा मिनिटं थांब ना" म्हणणारा मित्र प्रेमानंच म्हणत असतो, पण उशिराच्या वहीत सही तिला करायला लागते आणि फोन तिच्या घरी जातो.

आणखी एक. आपल्या भागात ओळख झाली की दुसरा प्रश्न आडनावाचा. तो कशासाठी असतो हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही माहीत असतं. गाव विचारा, विषय विचारा, मेसचं जेवण कसं आहे ते विचारा. आडनाव नाही कळलं म्हणून काही अडत नाही.

उन्हाळ्याच्या अलीकडे फुटबॉलचा हंगाम असतो, तो सोडू नका. शाहू स्टेडियमवर मॅच दुपारी सुरू होऊन अंधाराच्या आत संपते, म्हणजे गेटची भानगड नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, यांच्यातली चुरस पेठांची आहे. नव्या माणसानं आधी शेजारच्याला विचारावं, आपण कुणाच्या गॅलरीत बसलोय. एवढं विचारलं की पुढचा तासभर तुम्हाला संघांचा सगळा इतिहास ऐकायला मिळतो.

दारूबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात बिअर-वाईनला एकवीस आणि बाकी दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. पदवीच्या वर्गातले बहुतेकजण यात बसतच नाहीत. म्हणून परमिट रूमभोवती आखलेला बेत निम्म्यांना आधीच बाहेर ठेवतो. रात्री उशिरापर्यंत चहा-नाश्ता मिळायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. २०१७ च्या कायद्यानं दारू न विकणाऱ्या हॉटेलांना चोवीस तासांची मुभा दिलेली आहे. ती इथे वापरली जावी, असं मला मनापासून वाटतं.

रात्री बाराला "चल पन्हाळ्याला" हे मात्र करू नका. पावसाळ्यात वर घाटात धुकं असतं. दिवाळीपासून पुढे उसाचा हंगाम. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हात-दीड हात लोंबत असतो. समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यात आला की ती ट्रॉली दिसतच नाही, थेट आदळल्यावरच कळतं.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ साली शाहू महाराजांच्या पुढाकारानं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मागोमाग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातली पोरं शिकली ती त्यांच्या जिवावर. अशा गावात मुलांना अकरा आणि मुलींना साडेआठ हा हिशेब मला पटत नाही. दोघांना एकच वेळ असावी. ती होईपर्यंत एक गोष्ट आजही करता येते. बुधवारपुरती अर्ध्या तासाची सवलत मागणारा अर्ज रेक्टर मॅडमना द्या. एकटीनं नाही, सात-आठजणींच्या सह्यांनी. कुठे जाणार, किती वाजता निघणार, कशानं परतणार, कुणाचा फोन चालू असेल, एवढंच एका पानावर. तोंडी मागितलं तर तोंडीच नकार मिळतो. म्हणून दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या.