कडी कुणी बसवायची? : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

महापालिकेच्या शाळांवर खरा अधिकार कुणाचा, या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही मिरजेहून भली मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. तीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळं लिहिते आहे. तुम्ही आयुष्यभर शिक्षण खात्यात लिपिक होता, फायली तुमच्या हाताखालून गेल्यात, तेव्हा तुमचं म्हणणं मी हवेत सोडणार नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा सांगते. काका म्हणतात, शहरातल्या प्राथमिक शाळा चालवणारी महापालिकांची शिक्षण मंडळं गेली ते उत्तम झालं, कारण तिथं बदल्यांचा बाजार भरायचा. शाळा एका सक्षम अधिकाऱ्याच्या हातात द्याव्यात, नगरसेवकांना आणि पालकांना त्यात घेऊ नये. सांगलीत बसून मुंबईच्या आणि शिकागोच्या गप्पा मारू नयेत. आणि शेवटी, प्रत्येक शाळेत पालकांची असते त्या शाळा व्यवस्थापन समितीला अधिकार देणं म्हणजे 'सही कुठं करायची ते विचारणाऱ्या बायकांच्या हातात शाळा देणं'. या शेवटच्या वाक्याकडे मी येणारच आहे.

बदल्यांचं तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. पूर्ण मान्य. 1947 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखालच्या या मंडळांमध्ये शिक्षकाची बदली ही देण्याघेण्याची वस्तू झाली होती, अशा तक्रारी गावोगावी होत्या. 2013 मध्ये राज्य सरकारनं ही मंडळं मोडीत काढली, ज्यांची मुदत उरली होती ती पुढं मुदत संपेपर्यंत चालली, आणि त्यांच्यासाठी फार कुणी रडलं नाही. मीही नाही. पण काका, शेजारी जिल्हा परिषदेत काय झालं ते बघा. तिथंही निवडून आलेले सदस्य आहेत, शिक्षण समिती आहे, सभापती आहे. बदल्यांच्या तक्रारी तिथंही काही कमी नव्हत्या. तिथं समिती बरखास्त केली का? नाही. 27 फेब्रुवारी 2017 चा शासन निर्णय आला, बदल्या संगणकावर गेल्या, कोण अवघड क्षेत्रात किती वर्षं राहिलं त्याचे निकष ठरले. जत तालुक्याच्या टोकाला वर्षानुवर्षं अडकलेल्या शिक्षकाला कुणाच्या बंगल्यावर न जाता अर्ज भरता यायला लागला. त्या पद्धतीच्याही तक्रारी आहेत, माझ्या ओळखीतल्या शिक्षक जोडप्यांनी त्या मला ऐकवल्यात. पण रोग बंद खोलीत होता आणि औषध खोली उघडण्याचं होतं, हे त्यातून कळतं. शहरांत मात्र आपण रोग्यालाच घराबाहेर काढलं. मंडळाबरोबर बदल्या ठरवण्याचा अधिकार गेला हे ठीक, पण सभेत उभं राहून 'आमच्या वॉर्डातल्या शाळेचं छप्पर का गळतं?' असं विचारणारं माणूसही गेलं.

आता 'एका सक्षम अधिकाऱ्याच्या हातात' हे बघू. शहराच्या शाळेत तो एक हात नेमका कुठला, हे तुम्ही दाखवा. पुस्तकं बालभारतीची, अभ्यासक्रम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा. शिक्षकभरती राज्य सरकारच्या 'पवित्र' पोर्टलवरून. पोषण आहाराचा पैसा केंद्राचा आणि राज्याचा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान मुंबईच्या प्राथमिक शिक्षण परिषदेकडून येणार. इमारत महापालिकेची, पण तिची दुरुस्ती शिक्षण विभागाकडे नाही, बांधकाम विभागाकडे. नळ पाणीपुरवठ्याकडे, अंगणातला कचरा आरोग्य विभागाकडे. महापालिकेच्या शाळांवर प्रशासनाधिकारी असतात, त्यांच्यावर उपायुक्त, त्यांच्यावर आयुक्त, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं. मुख्याध्यापकाच्या हातात राहतात ती हजेरीपत्रकं, शालेय पोषण आहाराची नोंदवही आणि मोबाईलवर भरायच्या माहित्या.

घटनेतही हा घोळ आहे. 73 व्या दुरुस्तीनं आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांत स्पष्ट शब्द आहेत: प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण. 74 व्या दुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी काय आहे? सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना. बस. शाळा हा शब्दसुद्धा नाही. महापालिका कायद्यांत प्राथमिक शिक्षण हे बंधनकारक काम म्हणून आहे म्हणून बरं. पण खेड्यातल्या शाळेला घटनेत जी जागा मिळाली ती शहरातल्या शाळेला मिळाली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुंबईचं उदाहरण मी मोठं शहर म्हणून मिरवायला दिलं नव्हतं. आपल्या शिक्षण मंडळाहून तिथली रचना वेगळी आहे. 1888 च्या कायद्यावर चालणाऱ्या त्या महापालिकेत स्थायी, सुधार, बेस्ट आणि शिक्षण अशा चार वैधानिक समित्या आहेत. शिक्षणाचा अर्थसंकल्प वेगळा, त्याला 'ई' म्हणतात, आणि तो आधी शिक्षण समितीच्या अध्यक्षांपुढं मांडायचा अशी रीत. आठ भाषांच्या शाळा चालवणाऱ्या महापालिकेत तमिळ शाळेबद्दल कुणीतरी बोलायचं, उर्दू शाळेच्या शिक्षकांबद्दल कुणीतरी. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि 2023, 2024, 2025 असे लागोपाठ तीन शिक्षण अर्थसंकल्प खालच्या अधिकाऱ्यानं मांडायचे आणि वरच्या अधिकाऱ्यानं मंजूर करायचे असे झाले. तुम्हाला हवा तो एक हात तिथं होता, काका. पण त्या हाताला सभागृहात उभं राहून प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. आपल्या सांगलीच्या महापालिकेतही ऑगस्ट 2023 नंतर तीच गत झाली.

शिकागोबद्दल थोडक्यात. 1988 च्या कायद्यानं तिथं प्रत्येक शाळेला स्थानिक परिषद मिळाली. प्राथमिक शाळेच्या परिषदेत सहा पालक, दोन वस्तीतले लोक, दोन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी आणि मुख्याध्यापक. ही परिषद मुख्याध्यापक निवडते, चार वर्षांचा करार करते, पटलं नाही तर नवा करार करत नाही. 1995 मध्ये शहरातल्या सगळ्या शाळांवरचं मंडळ नेमण्याचा अधिकार महापौरांकडे गेला, तरी शाळेच्या परिषदा राहिल्या. 2024 मध्ये मंडळाच्या 21 पैकी 10 जागांवर पहिल्यांदा थेट निवडणूक झाली. एवढ्या मोठ्या शहरानं वरची व्यवस्था दोनदा उलटीपालटी केली पण खालची, दारातली, सोडली नाही. एवढंच मला सांगायचं होतं, त्यांची नक्कल करा असं नव्हे.

आता जे मला तुम्हाला खरं सांगायचं आहे ते.

माझी आत्या एका मोठ्या शहरात महापालिकेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होती. शहराचं नाव लिहीत नाही. एका जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसऱ्या आठवड्यात मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी निखळली. आत्यानं त्याच दिवशी पत्र लिहिलं, जावक क्रमांक टाकला, पर्यवेक्षकांकडे दिलं. ते कार्यालयात गेलं. कार्यालयानं कळवलं, इमारतीचं काम बांधकामाकडे. बांधकामानं कळवलं, सुट्या कामाचं अंदाजपत्रक होत नाही, विभागातल्या सगळ्या शाळांच्या दुरुस्त्या एकत्र करून निविदा काढू. आत्यानं स्मरणपत्र दिलं. पुन्हा दिलं. मुली जोडीनं जायला लागल्या, एक आत आणि एक बाहेरून दार ओढून धरून उभी. मग आत्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पाचवीच्या मुलींच्या पाण्याच्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच घरी जात होत्या. मुलींनी पाणी पिणं सोडलं होतं.

ऑगस्ट संपता संपता तिनं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली. कडी आणि चार स्क्रू मिळून 60 रुपये. शिपाईमामांनी दुकानदाराचाच पेचकस मागून आणून ती दहा मिनिटांत बसवली. पुढच्या तपासणीत तिला विचारलं गेलं, इमारतीत बदल कुणाच्या परवानगीनं केला? निविदेतली कडी दिवाळीनंतर आली. हे सांगताना आत्या आजही त्या अधिकाऱ्यावर रागवत नाही. ती स्वतःवर रागवते, की अडीच महिने मी पत्रं का लिहीत बसले, पहिल्याच दिवशी दुकानात का गेले नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिला हेच शिकवलं होतं, की आपण कळवायचं, ठरवायचं नाही.

काका, त्या दारापासून अधिकाराची खुर्ची किती लांब होती ते बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नं हे अंतर कमी करायचा प्रयत्न केला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कलम 22 म्हणतं, समितीनं शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारनं किंवा स्थानिक प्राधिकरणानं त्यावरच योजना आणि अनुदानं ठरवायची. 'त्यावरच' म्हणजे पाया म्हणून, शिफारशीची एक प्रत म्हणून नव्हे. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. किती शहरांत आराखड्यावरून अनुदान ठरतं? मी तरी उलटंच बघितलं आहे: आधी वरून रक्कम येते, मग ती बसेल असा आराखडा लिहिला जातो, मग सह्या घेतल्या जातात.

आणि सह्यांवरून तुमच्या त्या वाक्याकडे येते. ते मला लागलं. मी दोन वर्षं अशा समितीत पालक सदस्य होते. आमच्यातल्या एक ताई कुपवाडला कारखान्यात पॅकिंगला जायच्या. पहिल्या दोन बैठकांत त्या खरंच विचारायच्या, सही कुठं करायची. तिसऱ्या बैठकीत आहाराच्या तांदळाचा हिशेब वाचला जात होता, तेव्हा त्यांनी नोंदवही मागून घेतली. बोट ठेवून रकाना वाचला, ओठ हलवत, हळू. मग म्हणाल्या, 'शनिवारी निम्मीच पोरं येतात की, मग शनिवारचा तांदूळ शुक्रवाराएवढाच कसा?' मुख्याध्यापकांनी हजेरी काढली. चूक नोंदीची निघाली, तांदूळ कोठीत होता, पण त्या दिवसापासून वजन करून नोंद व्हायला लागली. रोज शेकडो पाकिटं मोजणाऱ्या बाईला मोजायचं शिकवावं लागत नाही. तिला फक्त वही हातात द्यावी लागते. ती सही कुठं करायची ते विचारत होती, कारण तोवर आपण तिला तेवढंच करायला बोलावत होतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. बदल्या संगणकाकडे राहू द्या, भरती राज्याकडे, अभ्यासक्रम पुण्याकडे. त्यात नगरसेवक नकोत, मीही तुमच्याच बाजूची आहे. पण कडी, नळ, फुटकी काच, पाण्याची टाकी, हा खर्च मुख्याध्यापक आणि समितीनं ठरवून करावा, पावती फलकावर लावावी, आणि त्यासाठी कुणाची पूर्वपरवानगी लागू नये. शहराच्या शिक्षणाचा अर्थसंकल्प निवडून आलेल्या माणसांपुढं, वेगळा, उघड्या सभेत मांडावा. पैसे खातील म्हणाल तर खातीलही कुठंतरी. पण 60 रुपयांची पावती शाळेच्या फलकावर असेल तर ती वाचायला गल्लीतली बाई येईल. निविदेची फाइल वाचायला कोण जातं?

आत्या आता आमच्याकडेच, विश्रामबागला असते. तुमची प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली. ती रागावली नाही. म्हणाली, त्यांनी खात्यात नोकरी केलीये ना, मग त्यांना विचार, बदलीचा अर्ज कुणाकुणाच्या टेबलावरून जायचा ते त्यांना पाठ असेल, पण कडीचा अर्ज शेवटी कुणाच्या टेबलावर जाऊन थांबायचा? मला तीस वर्षांत कळलं नाही.

तुम्हाला माहीत असेल तर खाली लिहा, काका. मी तिला वाचून दाखवेन.