साखर वाढली की दोष फक्त ताटालाच का?

कुणाला मधुमेह निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "गोड फार खाता का?" मग दुसरा: "चालायला जात नाही ना?" आधीच धास्तावलेला माणूस आणखी अपराधी होऊन बसतो. तो रोज कुठली हवा श्वासात घेतो, हे मात्र कुणी विचारत नाही. मला हे फार खटकतं.

पीएम २.५ म्हणजे हवेतले अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे. ते थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. सोबत लोह, तांबं आणि अर्धवट जळालेल्या इंधनाची रसायनंही नेतात. त्यांना गिळायला धावलेल्या पेशींमधून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू बाहेर पडतात. त्यांना आवरायला शरीराची ताकद अपुरी पडली, की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्यातून पेटलेला दाह रक्तावाटे यकृत, स्नायू, पोटावरची चरबी इथवर जातो. मग इन्सुलिन असूनही पेशी त्याला नीट दाद देत नाहीत आणि साखर रक्तातच राहते. त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींकडे असे रेणू निकामी करणारी कॅटलेजसारखी संरक्षक विकरं (एन्झाइम्स) मुळातच फार थोडी. म्हणजे ज्यांच्यावर सगळी भिस्त, त्याच सर्वात उघड्यावर!

२०१८ साली 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १७ लाख माजी सैनिकांचा अभ्यास आला. वजन, धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही प्रदूषित हवेत राहणाऱ्यांना मधुमेहाचा धोका जास्त दिसला. २०१६ मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख नवे रुग्ण या कणांमुळे वाढले असावेत, असा संशोधकांचा अंदाज. अशा अभ्यासातून एकेका रुग्णाचं कारण ठरत नाही, हे मान्य. आहार-व्यायामाचं महत्त्वही कमी होत नाही.

आणि कृपा करून यावर अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे त्या अतिक्रियाशील रेणूंना शमवणाऱ्या, गोळ्या सुचवू नका. ई आणि सी जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन यांच्या मोठ्या चाचण्या झाल्यात. त्यांनी मधुमेह टळला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. तेवढी स्वच्छ हवा कुणी एकटा घरात बसून मिळवू शकत नाही. वाहनं, कारखाने, कचरा जाळणं यांवर नियम लागतात, ते पाळायला लावणारी यंत्रणा लागते. तोवर निदान केसपेपरवर आई-वडिलांच्या मधुमेहाशेजारी तीन प्रश्न यावेत: घर मोठ्या रस्त्याला लागून आहे का, चुलीचा धूर घरात कोंडतो का, काम धुराधुळीत असतं का.