वेगळी चूल मांडणं म्हणजे चोरी नव्हे

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मावशी, मी चोरीच्या कोडवर काम करतेय का गं?" दोन रात्री जागून तिने व्हॅल्की या खुल्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या एका टेस्टची दुरुस्ती केली होती आणि आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या' अशी विनंती, पाठवली होती. मग कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. एका सरांनी त्याखाली "विद्यार्थ्यांनी असल्या भानगडीत पडू नये" असं लिहिलं आणि पोरीने घाबरून ती रिक्वेस्ट स्वतःच बंद करून टाकली.

त्यानंतर तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: रेडिस हे डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारं सॉफ्टवेअर त्याच नावाच्या कंपनीचं आहे, म्हणून त्याचा फोर्क (त्याच्याच कोडवरून वेगळा काढलेला प्रकल्प) असलेली व्हॅल्की ही चोरी, फोर्क हा काहीच परत न देणाऱ्या बड्या क्लाउड कंपन्यांचा डाव, फोर्क टिकत नाहीत, कंपनीने २०२५ मध्ये लायसन्स (कोड वापरायच्या अटी) पुन्हा खुलं केलं, म्हणजे फोर्कची गरजच नव्हती, आणि फोर्ककडे जायचं तर सगळं ॲप्लिकेशन नव्याने लिहावं लागतं. मी चौदा वर्षं सर्व्हर सांभाळते आहे. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं मान्य करण्यासारखं नाही. पण पहिल्या वाक्याने माझ्या घरातल्या पोरीचं काम बंद पाडलं, म्हणून सुरुवात तिथूनच.

म्हणे कोड कंपनीचा आहे. रेडिस २००९ साली साल्वातोरे सानफिलिप्पो या सिसिलीतल्या प्रोग्रामरने लिहिलं आणि बीएसडी लायसन्सखाली सगळ्यांना दिलं. हे लायसन्स पानभरही नाही, वाचायला दोन मिनिटं लागतात. मेसेज पुढे ढकलण्याआधी तेवढी दोन मिनिटं द्यायला काय हरकत होती? त्यात म्हटलंय: कोड वापरा, बदला, बदललेला किंवा आहे तसा वाटा. अटी तीन. कोड वाटताना मूळ कॉपीराइटची नोंद आणि या अटी त्यात तशाच ठेवा. तयार प्रोग्राम वाटलात तर सोबतच्या कागदपत्रांतही त्या द्या. आणि मूळ लेखकांचं नाव त्यांच्या परवानगीशिवाय आपल्या मालाच्या जाहिरातीला वापरू नका. बस्स. व्हॅल्कीने जुन्या नोंदी ठेवल्या आहेत आणि नाव बदललं आहे, कारण 'रेडिस' हा ट्रेडमार्क कंपनीचा आहे. नावावर कंपनीचा हक्क आहेच. बीएसडीखाली एकदा दिलेला कोड मात्र तिला परत मागता येत नाही.

आणि ही कंपनी काही रेडिस लिहून जन्माला आलेली नाही. २०११ मध्ये गॅरंशिया डेटा या नावाने ती सुरू झाली, ती दुसऱ्यांनी लिहिलेलं मेमकॅश्ड (रेडिससारखंच एक सॉफ्टवेअर) आणि रेडिस क्लाउडवर चालवून भाड्याने देण्यासाठी. पुढे तिचं नाव रेडिस लॅब्ज झालं आणि २०२१ मध्ये नुसतं रेडिस. सानफिलिप्पो तिथे गेले २०१५ मध्ये. तोवर सहा वर्षं कोड वाढत होता आणि ठिकठिकाणच्या लोकांनी त्यात आपलं काम घातलं होतं. २० मार्च २०२४ ला कंपनीने जाहीर केलं की ७.४ या आवृत्तीपासून आरएसएएल आणि एसएसपीएल ही दोन जास्त बंधनांची लायसन्सं लागू होतील. कोणतं लायसन्स ओपन सोर्स हे ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या मते यातलं एसएसपीएल ओपन सोर्स लायसन्स नाही, हे त्यांनी २०२१ मध्येच सांगितलं होतं. नव्या अटींखाली गेलेल्या त्या कोडमध्ये बाहेरच्या सगळ्या लोकांचंही काम होतं. कंपनीला हे करता आलं ते कशाच्या जोरावर? त्याच बीएसडीच्या. दुसऱ्याचं काम घेऊन ते आपल्या अटींवर पुढे न्यायची मुभा त्यात आहे. ती आधी कंपनीने वापरली आणि आठ दिवसांनी, २८ मार्चला, व्हॅल्कीवाल्यांनी वापरली. एकीला व्यवसाय आणि दुसरीला चोरी म्हणायचं असेल तर लायसन्समधल्या कोणत्या वाक्यावरून, ते दाखवा. मी शोधलं. मला तसं वाक्य सापडलं नाही.

क्लाउड कंपन्यांच्या डावाबद्दल जे लिहिलंय ते अर्धं खरं आहे, आणि तेवढं मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. रेडिस भाड्याने देऊन त्यांनी भरपूर कमावलं. व्हॅल्कीच्या मागे पहिल्या दिवसापासून ॲमेझॉन, गूगल क्लाउड, ओरॅकल, एरिक्सन, स्नॅप ही नावं आहेत आणि यातलं कोणी धर्मादाय करायला आलेलं नाही. पण बाहेरच्यांनी काहीच परत दिलं नाही, हे खोटं आहे. २०२० मध्ये सानफिलिप्पो बाजूला झाले, तेव्हा पाच जणांची कोअर टीम नेमली गेली. त्यात तिघं कंपनीचे होते, एक अलिबाबाकडून आणि एक ॲमेझॉनच्या मॅडलिन ओल्सन. व्हॅल्की उभी करण्यात याच ओल्सन पुढे होत्या.

फोर्ककडे जायचं की नाही, हे मी काही प्रश्नांवरून तपासते. रिपोची (कोडच्या साठ्याची) नक्कल एका बटणाने होते, पण पुढे? रात्री दोन वाजता सुरक्षेतलं भोक उघड झालं तर रेप्लिकेशनचा (डेटाच्या प्रती दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याचा) कोड कळणारं माणूस आपल्याकडे आहे का? टेस्टच्या मशीनचं बिल कोण भरणार? उद्या एकाच कंपनीला पुन्हा लायसन्स फिरवता येईल का? व्हॅल्कीकडे कोड सांभाळणारे जुने मेंटेनर आले, पैसा आला आणि प्रकल्प कुठल्याच एका कंपनीच्या हातात नसलेल्या लिनक्स फाउंडेशनकडे गेला, म्हणून आम्ही तिकडे गेलो. नुसते दोन उत्साही लोक असते तर मी जुन्या आवृत्तीवर थांबले असते, नाहीतर कंपनीला पैसे मोजले असते.

बहुतेक फोर्क टिकत नाहीत, हेही खरं. पण ओरॅकलच्या ताब्यातल्या ओपनऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमधून सप्टेंबर २०१० मध्ये लिब्रेऑफिस वेगळं झालं आणि आज लोक तेच वापरतात. शिवाय फोर्क संपला म्हणजे हरला असंही नाही. जॉयंट कंपनीच्या हातातल्या, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमधून डिसेंबर २०१४ मध्ये आयओ डॉट जेएस फुटलं आणि २०१५ मध्ये नोड ४ मध्ये परत मिसळलं. तोवर नोड एका फाउंडेशनकडे गेलं होतं. भांडण त्यासाठीच होतं.

कंपनी परत आली, हो. १ मे २०२५ ला रेडिस ८ सोबत एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय आला. सानफिलिप्पो तोवर कंपनीत परतले होते आणि त्यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. चांगलंच झालं. पण लायसन्सच्या बदलामुळे समुदायाशी संबंध दुखावले, हे तेव्हा कंपनीनेच कबूल केलं. मधल्या तेरा महिन्यांत फेडोरासारख्या लिनक्सवाल्यांनी रेडिस काढून व्हॅल्की घेतली होती. लोकांना जायला दुसरं घर नसतं तर कंपनीने हे पाऊल उचललं असतं, असं मला वाटत नाही.

राहिलं नव्याने लिहिण्याचं. व्हॅल्की रेडिसच्या ७.२.४ वरूनच निघाली. प्रोटोकॉल तोच, जुन्या कमांड त्याच, पोर्टही तोच ६३७९. आमच्याकडे पॅकेज बदललं, सर्व्हिसचं नाव बदललं, मॉनिटरिंगमधली दोन नावं बदलली. ॲप्लिकेशनची एक ओळही हलली नाही. जे आधीच रेडिस ७.४ वर गेले त्यांनी मात्र जपून जावं, तिथली डेटा फाइल व्हॅल्कीला थेट उचलता येत नाही.

भाचीला मी फोनवरच लायसन्सची फाइल उघडून मोठ्याने वाचायला लावली. सरांना तीच प्रिंट काढून दे म्हटलं. रिक्वेस्ट ती आज पुन्हा उघडणार आहे. कमिटखाली साइन-ऑफची, म्हणजे हा बदल द्यायचा मला हक्क आहे अशी सहीची, ओळ घालायची तेवढी राहिली होती, तिच्याशिवाय व्हॅल्कीत तपासणी पुढे सरकत नाही.